आपल्याला काळजीचं कारण नाही

त्या आठवड्यात एकाच आभाळाखाली आमच्या ढालेवाडीत तीन निरनिराळी हवामानं होती, आणि त्यांतलं सगळ्यांत चांगलं माझ्या वाट्याला आलं होतं. असं काही चांगलं माझ्या वाट्याला आलं तेव्हाच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं.

मी मिरजेच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही, स्वयंपाक येत नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर थोरल्या बहिणीकडे, चंपाक्काकडे, राहायला आलो. तिचे यजमान तेव्हा नुकतेच वारले होते आणि मुलगा सन्मती नोकरीसाठी हुबळीला होता. तरीही भावाने बहिणीच्या सासरच्या घरात कायमचं राहणं गावाला चमत्कारिक वाटतं. मलाही वाटतं. म्हणून पहिल्या दिवसापासून मी एक पथ्य पाळलं. या घरातल्या कशालाही 'माझं' म्हणायचं नाही. 'आमचं' सुद्धा नाही. कुणी विचारलंच तर सांगायचं, "मी आपला पाहुणा."

घरात माझ्याकडे काम एकच होतं, हवामान बघायचं. अक्काची द्राक्षबाग आहे, आणि सगळी द्राक्षं ती बेदाण्यासाठी वाळवते. घरामागे लोखंडी रॅक आहेत, जाळीचे मजल्यावर मजले, वर पत्रा, बाजू मोकळ्या. त्या जाळीवर द्राक्षं पसरायची आणि कोरड्या वाऱ्यावर सोडून द्यायची. वाळत आलेल्या बेदाण्याला वाऱ्याबरोबर आडवा पाऊस लागला की तो चिकट होतो, आंबतो, फेकून द्यावा लागतो. बरं, बाजूंनी प्लास्टिक लावून ठेवावं तर उन्हात आत वाफ धरते आणि हिरवा बेदाणा काळा पडतो. म्हणजे झाकलं तरी नुकसान, उघडं ठेवलं तरी भीती. कधी झाकायचं, एवढाच काय तो प्रश्न.

"मामा आहेत की घरी," सन्मती फोनवर आईला म्हणायचा. "हवामान मामा बघतील. शिकलेले आहेत."

हवामान सांगणारी बाई तोपर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये आली होती. सरकारी सेवा होती, तिला लांबलचक नावही होतं, पण गावात सगळे हवाबाई म्हणत. आवाज गोड, बोलणं अदबीचं. अक्काकडे मात्र साधा, बटणांचा फोन. "यंत्रानं मला नावानं हाक मारलेली खपणार नाही," असं तिचं म्हणणं. म्हणून दर रविवारी सकाळी हवाबाईशी मी बोलायचो आणि ती काय म्हणाली ते अक्काला सांगायचो.

त्या रविवारी उकाडा विलक्षण होता. हवाबाईने नेहमीप्रमाणे विचारलं, "नमस्कार बाहुबलीजी. येत्या आठवड्यात आपलं उघड्यावर काय आहे?"

"माझं काय असणार? काही नाही."

"कुठे प्रवास?"

"नाही हो. मी आपला घरातच असतो."

"धन्यवाद. या आठवड्यात आपल्याला काळजीचं कारण नाही."

आतून अक्काने विचारलं, "काय म्हणाली रे बाबू?"

"म्हणाली, आपल्याला काळजीचं कारण नाही."

"बरं झालं बाई. प्लास्टिक माळ्यावर टाकते मग. उगाच पायात येतंय."

माझं चुकलं ते इथेच. पण त्या वेळी मी शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. जसं ऐकलं तसं सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारी पश्चिमेला ढगांचे मनोरे उभे राहिले आणि कुठेच न बरसता विरून गेले. संध्याकाळी मी सोसायटीच्या कट्ट्यावर गेलो तेव्हा भांडण चाललं होतं. मंडपवाला गुंडू माळी फोन नाचवत होता.

"मला म्हणती, वादळ येणार, गारा येणार, शुक्रवारपर्यंत मंडप उतरवा! शुक्रवारीच कुंभाराच्या पोरीचं लगीन हाय. मंडप उतरवू आणि वऱ्हाड काय झाडाखाली बसवू व्हय?"

"गप रे," रिक्षावाला इलाही मुजावर म्हणाला. "मला तर म्हणाली, किरकोळ सरी येतील, पडदे जवळ ठेवा. हे बघ की."

"माझ्यात गारा आणि तुझ्यात किरकोळ? आपण दोघं एकाच गावात राहतोय न्हवं?"

"तू जरा खालच्या अंगाला राहतोस."

सगळे हसले. मग गुंडू माझ्याकडे वळला. "अण्णा, तुमची काय म्हणती?"

मी चाचरतच सांगितलं, "काळजीचं कारण नाही म्हणाली."

"घ्या! अण्णांच्या डोक्यावर आभाळच वेगळं."

"शिकलेल्या माणसाला बाईसुद्धा घाबरती," इलाही म्हणाला.

मीही हसलो, पण घरी येताना ते डोक्यातून जाईना. आधी वाटलं, माझा फोन जुना आहे. मग वाटलं, मला ऐकूच कमी येतं. शेवटी खोलीचं दार लावून मी हवाबाईलाच विचारलं, "गुंडू माळी यांना तुम्ही गारा सांगितल्या आणि मला नाही. असं कसं?"

"बाहुबलीजी, अंदाज सगळ्यांसाठी एकच आहे. सल्ला ज्याचा त्याला वेगळा असतो."

मग तिने जे समजावलं ते मला कळलं असं मी म्हणतो, पण खात्री देत नाही. चैत्रात आपलं पठार तव्यासारखं तापतं. दोन्ही समुद्रांकडून ओलसर वारे येतात, तापलेल्या हवेबरोबर उंच चढतात आणि दुपारनंतर त्यांचे वादळी ढग होतात. ढग होणार हे आधी सांगता येतं, पण कोणत्या शिवारावर फुटणार हे सांगता येत नाही. एखादा माळ नुकता नांगरलेला असला, एखाद्या तळ्यात थोडं पाणी जास्त असलं, तेवढ्यानेही ढग या गावचा त्या गावाला जातो. म्हणून यंत्र एकच आठवडा पुन्हा पुन्हा मांडून बघतं, दर वेळी सुरुवात किंचित बदलून. काही मांडण्यांत आपल्यावर गारा पडतात, पुष्कळशा मांडण्यांत पडत नाहीत. पूर्वी हे टक्क्यांत सांगायचे. पण तीस टक्के पाऊस म्हणजे काय, हे लोकांना कधीच कळलं नाही. तीस टक्के कपडे आत घेऊ का, असं लोक विचारायचे. म्हणून नव्या यंत्राने टक्के स्वतःजवळ ठेवले आणि माणसाला फक्त काय करावं ते सांगायला सुरुवात केली. ज्याचं पावसाने फार जाणार आहे त्याला थोड्या शक्यतेवरही इशारा. ज्याचं थोडंच भिजणार आहे त्याला पडदे. आणि ज्याचं काहीच जाणार नाही, त्याला उगाच भिववायचं कशाला?

"म्हणजे मला तुम्ही..." मी विचारलं.

"आपण सांगितलंत की आपलं काही नाही," ती गोड आवाजात म्हणाली. "म्हणून आपल्याला काळजीचं कारण नाही."

आणि तेव्हा तो शब्द माझ्या डोक्यात शिरला. आयुष्यभर पुस्तकांत राहिलो, पण या शब्दाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ती 'आपल्याला' म्हणत होती ते आदराने. म्हणजे तुम्हाला, एकट्या बाहुबली मगदुमांना. आणि अक्काने ऐकलं होतं ते घरच्यासारखं. म्हणजे तुला, मला, आपल्या सगळ्यांना. एका माणसाला दिलेला निरोप मी सबंध घराला वाटून टाकला होता.

तेव्हाच उठून अक्काला सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं? हे कळलं तेही खरं की माझा तर्क? सांगितलं, तिने झाकलं, आणि पाऊस आलाच नाही तर? काळ्या बेदाण्याचा दोष कुणावर? आणि आणखी एक गोष्ट होती, ती मला सांगायचीच नव्हती. यंत्राला मी काय उत्तर दिलं होतं, ते.

मी हवाबाईला म्हणालो, "समजा, माझा बेदाणा असता तर?"

"समजा म्हणून सल्ला देता येत नाही. क्षमा असावी. बेदाणा आपला आहे का?"

पुन्हा तोच शब्द. 'हो' म्हणावं तर दुसऱ्याच्या मालावर हक्क सांगितल्यासारखं. सन्मतीला कधी कळलं तर काय वाटेल त्याला? 'नाही' म्हणावं तर तेही खोटं, कारण अक्काने मला परकं कधीच मानलं नव्हतं. मी फोन बंद केला.

बुधवारी जेवताना मी सुरुवात केली. "अक्का, ते आपल्याला काळजी नाही म्हणाली होती ना..."

"हं."

"ते आपल्याला म्हणजे..."

"आपल्याला म्हणजे आपल्याला. भाकरी वाढू?"

"वाढ."

गुरुवारी मी एकदा रॅकपर्यंत जाऊन आलो. बेदाणा सुरेख वाळत आला होता, पोपटी, पारदर्शक. पुढच्या आठवड्यात जाळी हलवून खाली उतरवायचा होता. मला वाटलं, कदाचित काहीच होणार नाही. बहुतेक मांडण्यांत काही होत नाही असं यंत्रच म्हणत होतं. मग मी कशाला बोलू? मग वाटलं, हेच वाटणं चूक आहे. मग पुन्हा पहिलं वाटलं. असा दिवस गेला.

शुक्रवारी सकाळी वारा पडला. झाडाचं पान हलेना. ओसरीवर बसून मी शेवटी फोन उघडला. आवाज मोठा ठेवला होता, कारण खरोखरच मला कमी ऐकू येतं.

"बाहुबलीजी, आपला प्रश्न अपुरा राहिला होता. बेदाणा आपला आहे का?"

अक्का अंगणातून कपडे वाळत घालून येत होती.

"आपला नाही तर काय शेजाऱ्याचा?" ती म्हणाली. "कोण विचारतंय रे?"

"धन्यवाद," हवाबाई म्हणाली. "बाजू झाकलेल्या आहेत का?"

"उघड्या आहेत की! तूच म्हणालीस ना बाई, काळजी नको म्हणून?"

मग तोच गोड आवाज आला. "आपल्यासाठी इशारा आहे. आज दुपारनंतर वादळी वारा, पाऊस, गारा यांची शक्यता. बेदाणा ताबडतोब झाकावा."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "रविवारी एक, आज एक. हिचं डोकं फिरलंय का?"

मग मला सांगावंच लागलं. सरळ सांगता आलं नाही. गुंडूचा मंडप, इलाहीचे पडदे, पुन्हा पुन्हा मांडलेला आठवडा, सगळं मागेपुढे झालं. ती मध्येच म्हणाली, "थांब. ती दर रविवारी विचारते, तुझं काय आहे म्हणून?"

"हो."

"आणि तू काय सांगतोस?"

मी खाली बघून म्हणालो, "काही नाही म्हणून."

"काही नाही?"

"तसं म्हणायची पद्धत असते, अक्का."

"पद्धत!" तिने हातातली बादली आपटून खाली ठेवली. "इतकी वर्षं माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन बसतोस, आणि त्या यंत्राला सांगतोस इथं माझं काही नाही? अरे, बेदाणा राहू दे. मी एक म्हातारी उघड्यावर आहे, एवढं तरी सांगायचंस!"

मी बादली उचलून बाजूला ठेवली. तीच पुढे म्हणाली, जरा खालच्या आवाजात, "पाऊस येणार का नक्की?"

"नक्की नाही. बहुतेक येणार नाही."

"मग झाकायचं कशाला?"

"आला तर सगळं जाईल. झाकलं तर थोडं जाईल. बाई म्हणते..."

"बाईचं राहू दे. तू काय म्हणतोस?"

पुस्तक कोणतं वाचावं हे मला आयुष्यभर लोकांनी विचारलं, पण काय करावं हे कुणी विचारलेलं आठवत नाही. मी पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे काहीच नव्हतं, पांढरं ऊन होतं. त्यावरून मला काहीही कळलं नाही.

"झाकूया," मी म्हणालो.

कामाच्या बायका कुंभारांच्या लग्नाला गेल्या होत्या. मी इलाहीला फोन केला. तो रिक्षा घेऊन आला, माळ्यावरचं प्लास्टिक त्याने खाली फेकलं. अक्का दोऱ्या बांधत होती, मी टोकं धरत होतो. माझ्या गाठी सुटत होत्या आणि इलाही त्या पुन्हा बांधत होता.

"अण्णा, पुस्तकाला दोरा बांधल्यासारखं बांधू नका. गळा आवळल्यासारखं बांधा."

सगळं झाकून झालं तेव्हा ऊन रणरणत होतं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला धुकं धरलं होतं. आत हात घातला तर ओला झाला. प्लास्टिक उघडावं असं मला तीन वेळा वाटलं, आणि तिन्ही वेळा मी ते बोललो नाही. अक्का रॅकच्या सावलीत बसून होती.

चहाच्या वेळेला एकदम अंधारून आलं. वारा सुटला, धूळ उठली, प्लास्टिक शिडासारखं फुगलं. इलाही एका कोपऱ्याला, अक्का दुसऱ्याला, मी मधल्या खांबाला मिठी मारून. वीज चमकली. पत्र्यावर टपोरे थेंब पडले. ताशा वाजायला सुरुवात व्हावी आणि वाजवणाराच उठून जावा, तसे पडले आणि थांबले. ओढ्यापलीकडे मात्र पांढरा पडदा उतरला होता. पलीकडच्या मळ्यांवर गारा पडतानाचा आवाज इथपर्यंत येत होता. इकडे कोरडं.

"संपलं?" अक्काने विचारलं.

"संपलं वाटतं."

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवून घेतलं. गावातून लग्नाच्या सनईचा आवाज येत होता. गुंडूने मंडप उतरवला नव्हता आणि मंडपाची झालरसुद्धा भिजली नव्हती. वाटेने जाताना तो ओरडून म्हणाला, "अण्णा, हवाबाई हरली बघा!" ओढ्यापलीकडच्या ज्या शेतकऱ्याचा बेदाणा गेला, त्याला त्याची हवाबाई काय म्हणाली होती, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

शनिवारी सकाळी प्लास्टिक काढलं. वरच्या मजल्यांवरचा बेदाणा तसाच पोपटी होता. खालच्या दोन मजल्यांवरचा मात्र तपकिरी, काही ठिकाणी काळा. अक्काने मूठभर उचलून हातात फिरवला आणि परत ठेवला.

सन्मतीचा फोन आला, माझ्याच फोनवर. "मामा, पाऊस ओढ्यापलीकडेच पडला म्हणे. गुंडूदादा सांगत होता, तुम्ही भर उन्हात झाकलं. खालचा माल काळा पडला म्हणे."

"हो."

"झाकायला कुणी सांगितलं?"

मी म्हणू शकलो असतो, हवाबाईने. ते खरंही होतं. किंवा अक्काकडे फोन देऊ शकलो असतो, तिने हात पुढे केलाच होता. मी तिला खूण करून थांबवलं.

"मी सांगितलं," मी म्हणालो. "पाऊस येईल असं वाटलं नव्हतं, तरी सांगितलं. आपला माल थोडा काळा पडलाय, सन्मती."

त्याने शब्द कसा घेतला असेल? तुझा, असा? की आपल्या सगळ्यांचा? मी काय म्हणालो होतो, हे माझं मलाच नीट ठरवता येईना. खरंच येईना.

"बरं," तो म्हणाला. "किती आहे काळा?"

"खालचे दोन मजले."

"तेवढा वेगळा काढा. आणि मामा..."

"काय?"

"उद्या रविवारी त्या बाईला रॅक नीट मोजून सांगा. आपल्याला माहीत नको का, आपलं काय काय आहे ते?"

"सांगतो," मी म्हणालो.

फोन ठेवून मी अक्काशेजारी बसलो. तिने काळा बेदाणा पोत्यावर ओतला होता. अधूनमधून त्यात हिरवा सापडत होता, तो ती माझ्याकडे सरकवत होती. काही दाणे धड काळेही नव्हते आणि धड हिरवेही नव्हते.

"हे कुठे टाकायचे?" मी विचारलं.

"तू ठरव," ती म्हणाली.

मी एकेक दाणा उजेडात धरून बघू लागलो.